सवतीची आगबोट

श्री
बोरद, ता. ९ जानेवारी १९२२

ती. स्व. दगूबाई यांस,
धाकट्या भावजयीचे शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. इकडे तुमचे भाऊ, सासूबाई आणि दोन्ही म्हशी धडधाकट. मी तेवढी जळून कोळसा झाले आहे.

नंदुरबारचे रेवजीभाई पुन्हा बेटद्वारकेला मंडळी नेताहेत. मुंबईहून आगबोट, वर उघड्यावर बसायचं म्हणून तिकीट स्वस्त, आणि दीड-दोन दिवसांत बेटावर. यंदा तुमच्या भावांनी माझंही नाव घातलं. मी अंगणात फुगडी घालायचीच काय ती राहिले होते.

पण या घरात आगबोट म्हटली, की माझी सवत सुंदरबाई आलीच! मानमोडीच्या साथीत गेली बिचारी, देव तिला सुखात ठेवो. मला मात्र ती सुखात ठेवत नाही. गल्लीतली एकेक बाई मला ऐकवते, की सुंदरबाईनं उडणारे मासे पाहिले, सुंदरबाई दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून संत्री खात गेली, समुद्राचं वर्णन करावं तर सुंदरबाईनंच. यांना विचारावं, तर समुद्र मोठा असतो एवढं सांगून गोठ्यात निघून जातात. बाई, माणूस इतका गप्प कशानं होतो? आठवणीनंच ना?

तिचा टाक दोन वर्षं गळ्यात वागवते आहे. सोन्याच्या पत्र्यावर उमटवलेली एवढीशी बाई, पण थाट केवढा! नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग मी नेसायचं. आंब्याची पहिली फोड तिला. दुसरेपणाला दिलेल्या बाईनं हे करायचंच असतं, केलं. पण आगबोटीतही तीच? एकदा जाऊन आली ना? मला हा एक प्रवास तरी माझा एकटीचा हवा आहे.

टाक देव्हाऱ्यात ठेवून जाते म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, की काढशील तर ती अंगावर येईल. तुमचे भाऊ म्हणाले, की टाक घरी राहणार असेल तर तूही राहा. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे! तुमचा शब्द दोघंही मोडत नाहीत. माझ्यासाठी तो एकदा खर्च करा. लोभ आहेच, तो या कामी लावावा.
तुमची,
नर्मदा

नंदुरबार, ता. १६ जानेवारी १९२२

चि. सौ. नर्मदाबाईस दगूबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. माय वं! मेलेल्या बाईशी भांडणारी तूच पाहिली. तुझं पत्र यांना वाचून दाखवलं, तर हसता हसता यांना ठसका लागला.

तोंडावर भांडू नको, युक्ती ऐक. गाडी नंदुरबारहूनच निघते. आदल्या दिवशी तुम्ही माझ्याकडे उतराल. तेव्हा टाक हळूच माझ्या हातात दे. मी माझ्या देव्हाऱ्यात ठेवीन, रोज फूल वाहीन. गळ्यात काय आहे नि काय नाही, पदराखाली कोण बघतंय? माझ्या भावाला, रतिलालला, गाडी सुटल्यावर कळलं तर कळलं. आईला मी पाहून घेते. येताना तीळगूळ आण, आणि माया पातळ होऊ देऊ नको.
दगूबाई

बोरद, ता. २३ जानेवारी १९२२

ती. स्व. दगूबाई यांस सा. न. वि. वि. तुमच्या तोंडात साखर पडो! मोरपंखी लुगडं घेतलं आणि तिला न दाखवता नेसून पाहिलं. काही अंगावर आलं नाही.

एकच विचारते. मागच्या खेपेला तुम्ही त्यांना गाडीत बसवून दिलं असणार. सुंदरबाई आगबोटीत नेमकी कुठल्या बाजूला बसली होती, हे तुम्हाला सांगितलं असेलच. ते कळवा. मी तिथे बसणार नाही. ममता असू द्यावी.
तुमची,
नर्मदा

नंदुरबार, ता. २ फेब्रुवारी १९२२

चि. सौ. नर्मदाबाईस आशीर्वाद. वि. वि. आठ दिवस उत्तर लिहिते आणि फाडते आहे.

सुंदर कुठे बसली होती विचारलंस. ती माझ्या चुलीपुढे बसली होती.

त्या वर्षी ती दोघं आदल्या दिवशी माझ्याकडे उतरली. सुंदरचं ते हिरवं लुगडं, हातातली गाठोडी, तोंडावरचा आनंद पाहिला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या भावाला मी कडेवर वाढवला, तो बायकोला समुद्र दाखवतो आणि बहिणीला भाऊबीजेची चोळी! मी जेवले नाही, रडले, नाही नाही ते बोलले. रतिलाल खाली मान घालून बसला. शेवटी सुंदरच म्हणाली, की बाई, तुम्ही जा, पोरांचं मी बघते, मी पुढच्या साली जाईन. मी एकदाही नको म्हटलं नाही. तिच्याच तिकिटावर गेले. मासे मी पाहिले. संत्री मी खाल्ली.

परत आल्यावर मला लाज वाटली. गावात सांगू नको म्हणून तिला गळ घातली. मी जे सांगितलं तेच ती बोरदला सांगत राहिली. पुढच्या साली मानमोडी आली.

आता तुला युक्ती सांगून बसले, की तिला माझ्या घरी ठेवून जा. माझ्याच हातानं दुसऱ्यांदा! नर्मदा, तुझ्या मनाला येईल ते कर, पण मी तो टाक हातात घेणार नाही. मनं चुकनं, माझंच चुकलं. रागावलीस तरी पत्र बंद करू नको.
दगूबाई

बोरद, ता. १० मार्च १९२२

ती. स्व. दगूबाई यांस सा. न. वि. वि. जाता-येता तुमच्या घरी माणसांची गर्दी, बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

तुमच्या पत्रानं आधी तुमचाच राग आला. मग तिचा. मजा केलेली सवत एक वेळ परवडते, चांगुलपणा केलेली फार जड जाते. मी तुम्हाला तिकीट दिलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आगबोट मुंबई सोडून निघाली तेव्हा टाक पदराबाहेर काढला आणि यांना सांगितलं, की दगूबाईंनी सगळं लिहिलं आहे. तर हे टाक बोटांत धरून तिलाच सांगायला लागले, की ते बघ मासे, ते बघ गलबत. डोळ्यांतून धारा. गळा माझा, म्हणून मी तिथेच अडकलेली! एवढं बोलणं दोन वर्षांत माझ्या वाट्याला आलं नव्हतं. खोटं कशाला लिहू, मेलीचा असा हेवा वाटला, की टाक तोडून पाण्यात फेकावा. नाही फेकला. बेटापर्यंत तिला सगळं पाहू दिलं. बेटावर पाण्यानं न्हाऊ घातलं, हळद-कुंकू वाहिलं.

परतीच्या आगबोटीत चढल्याबरोबर मात्र टाक चोळीच्या आत टाकला. यांना म्हटलं, की तिचं बघून झालं, आता मला दाखवा, अगदी पहिल्यापासून. हे कावरेबावरे झाले. म्हणाले, तेच तर पाणी आहे. मी म्हटलं, असू दे तेच.

मग दाखवलं त्यांनी. गलबतसुद्धा सोडलं नाही.

तुम्ही आमच्या दोघींच्याही नणंद, तेव्हा दोघींवरही माया ठेवावी. माझ्यावर थोडी जास्त.
तुमची,
नर्मदा