साराचे डोके

३ मे
माझी मुलगी माख्तेल्ट सतरा तारखेला पन्नास वर्षांची होईल. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे पन्नाशीच्या बाईच्या अंगणात त्या दिवशी धर्मग्रंथातल्या म्हाताऱ्या साराची माणसाएवढी बाहुली उभी राहते, पुरुषाच्या अंगणात तिचा नवरा अब्राहाम. गल्लीतल्या सगळ्या सारा जावई वेसेल करतो : पेंढा, जुना झगा, डोक्याच्या जागी रंगवलेली उशी. यंदा डोके मी करणार. नाताळात माख्तेल्ट म्हणाली होती, ‘बाबा, तुम्ही मला कायम दुरुस्त केलंत. नीट पाहिलं कधीच नाहीत.’ विधान सार्वत्रिक आहे. एका प्रतिउदाहरणाने ते कोसळते. तिचे हुबेहूब डोके संगणकावर घडवून त्रिमितीत छापून घेईन. तर्कशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाला एक सॉफ्टवेअर जड नाही. आनंदाने शीळ घातली. पत्नी हिल्के हिने खिडकी लावली.

५ मे
माख्तेल्ट शतावरी सोलत असता फोन घेऊन तिच्याभोवती फिरलो व डोके टिपले. ती म्हणाली, ‘बाबा, मी पुतळा आहे की आरोपी?’ आणि हसत सुटली. हलू नकोस, असे बजावले.

८ मे, सकाळ
संगणकात डोके म्हणजे चौकोनांची जाळी. अतिशय शिस्तप्रिय वस्तू! मात्र डाव्या गालावर खड्डा आढळला. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. उजव्या गालावर खड्डा नाही. तस्मात् डावा खड्डा ही फोनची चूक. तेथले चौकोन निवडून काढून टाकले. भोक पडले. भोक बुजवण्याचे बटण आहे, बुजवले. गाल इस्त्री केल्यासारखा.
हिल्के म्हणाली, ‘अहो, हिचं काहीतरी गेलंय.’ काय गेले, ते तिला सांगता येईना. आक्षेप फेटाळला.

१० मे
चौकोन काढण्यात विलक्षण सुख आहे. डोळ्यांखालच्या सुरकुत्या काढल्या. हनुवटीचा अतिरिक्त भाग काढला. आता थांबायचे, असा निश्चय केला. मग कानाची पाळी काढली.

१३ मे
छपाईवाल्या बाईंचा फोन. ‘काका, मागे एवढं मोठं भगदाड मुद्दाम ठेवलंय का?’ पुढचे चौकोन निवडताना ‘आरपार’ची खूण चालू राहिली असावी, प्रत्येक सुरकुतीबरोबर मागची कवटीही गेली. ‘अर्थात मुद्दाम,’ असे उत्तर दिले. प्रेक्षक समोर उभे राहतात.

१६ मे
डोके आले. वेसेलने मागून आत हात घातला. ‘सासरेबुवा, ह्यात तर काहीच नाही!’ वर म्हणाला, उशी तयार ठेवतो. त्याला भगदाडावर रुमाल बांधायला सांगितले.

१७ मे
बाहुली उभी राहिली. शेजारीणबाईंनी आम्हा सर्वांचे अभिनंदन केले, मग विचारले, ‘पण हा पुरुषांचा अब्राहाम का उभा केलात? पन्नाशी वेसेलची आहे का?’
माख्तेल्ट बाहेर आली. ‘बाबा, ही कोण?’
‘तू.’
तिने बाहुलीला प्रदक्षिणा घातली, रुमाल उचलला, आत डोकावली आणि अशी हसली की सायकलवरचा पोस्टमन उतरला. हसताना तिच्या डाव्या गालावर खळी पडली. चांगली खोल.
हिल्के म्हणाली, ‘अहो, हीच! हीच गेली होती!’
ही खळी केव्हापासून, असे विचारले.
‘पन्नास वर्षं, बाबा.’
प्रतिउदाहरण अंगणात उभे आहे. तिचे विधान सिद्ध झाले.
केक खाताना माझी खुर्ची तिच्या डाव्या बाजूला सरकवून घेतली. उजेड त्या बाजूला बरा होता.