सातव्या पडद्याची तक्रार

गुरुग्राम,
मंगळवार, सकाळ

प्रिय दस्तगीर यास,

हणमंताचा नमस्कार आणि सलाम, दोन्ही. (इतक्या वर्षांनी लिहितोय, एकाने भागणार नाही.) तुझा गुडघा कसा आहे? भाभींची साखर आटोक्यात आहे, की तू अजून दुकानातून घरी जाताना बासुंदीचा डबा नेतोस? मिरजेत थंडी असेल-नसेल, इथे मात्र आमची ही, अलकनंदा, नोव्हेंबरपासून हीटरसमोरून उठलेली नाही. हा हीटर लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

माझं बरं चाललंय. पहाडगंजच्या खोलीत पंख्याच्या मोटरी भरायचो, तो आता इथल्या एकतीस सोसायट्यांच्या लिफ्ट सांभाळतो. भांडवल म्हणशील तर माझे दोन कान. लिफ्टमध्ये उभा राहिलो की कुठली बेअरिंग कुठल्या महिन्यात जाणार ते सांगतो. लोकांना वाटतं, काय शिकलेला माणूस आहे! शिकलो कसला, शाळेत असताना तुझ्या अब्बांच्या कारखान्यात दोन वर्षं तंबोरे पुसले, तेवढंच माझं कॉलेज. (ते शेवटचं तंबोऱ्याचं प्रकरण तुला आठवत असेल. तुझा कान आठवडाभर लाल होता. असो.)

तर आमची लेक अश्लेषा नोकरी सांभाळून बेस गिटार वाजवते. बेस म्हणजे चार जाड तारांची, पोकळ पोटाची थोराड गिटार. तिच्यावर गाणं वाजत नाही, गाण्याखालची जमीन वाजते. ऑगस्टमध्ये घेतली तेव्हा आवाज कसा, भरल्या हौदात घागर बुडवावी तसा. डिसेंबरात मात्र तार दाबली की झर्रर्र व्हायला लागलं. मी सोफ्यावर बसून ऐकायचो आणि माझे डोळे भरून यायचे. मिरजेचा माणूस ना मी! मला वाटलं, पोरीने वाद्याला जवारी आणली. तंबोऱ्याच्या तारेखाली सूत सरकवून तुम्ही लोक जो झणकार आणता, तो माझ्या दिवाणखान्यात, गुरुग्राममध्ये, चौदाव्या मजल्यावर! "वा, काय जवारी बोलतेय!" असं मी सहा आठवडे रोज म्हणालो. पाहुण्यांना बोलावून ऐकवलं.

एकच खटकायचं. काही सुरांवर जवारी दाट, काहींवर अजिबात नाही. म्हणून परवा रविवारी ती बाहेर गेलेली पाहून मी अलकनंदाच्या देवघरातलं सूत घेतलं आणि चारही तारांखाली, त्या जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, आपल्या पद्धतीने सरकवून दिलं. अश्लेषाने येऊन तार छेडली तर पोळ्यावर दगड बसावा तसं सगळं वाद्य उठलं. खालच्या फ्लॅटवाल्याने इंटरकॉमवरून विचारलं, "भाईसाहब, संडे को भी ड्रिलिंग?"

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, ती जवारी नाहीये. ती माझी चूक आहे. सगळ्यांना ऐकू येते, आणि तुम्ही रोज तिचा मजाक उडवता."

मग सगळं बाहेर आलं. मंडी हाऊसच्या एका नाटकमंडळीत तिला वाजवायला घेण्याचं चाललंय, गुरुवारी चाचणी आहे. तिथल्या संगीत बघणाऱ्या बाईंनी झर्रर्र ऐकून सांगितलं की बोटं कच्ची आहेत, दाब पडत नाही. हिने महिनाभर दाबून दाबून बोटांची सालं काढली. तरी जाईना, म्हणून गिटार विकायची जाहिरात टाकली. बुधवारी नोएडाचं गिऱ्हाईक येणार, म्हणजे गुरुवारी कुठे जायचा प्रश्नच मिटला. यार दस्तगीर, पोर रडत होती आणि मी तिच्या रडण्याला दाद देत होतो!

मी म्हटलं, "हे बघ, बोटांचा दोष रोज जागा बदलतो. यंत्राचा दोष ठरलेल्या जागी येतो. एकेक पडदा दाबून वाजव." (हे लोक फ्रेट म्हणतात. सतारीचाच पडदा, फक्त लाकडात ठोकलेला, सरकत नाही.) लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिटारीच्या मानेवर आणि मूठ माझ्या कानाला, अशी तपासणी सुरू झाली. मोटर अशीच ऐकतात. अलकनंदा हीटरसमोरून म्हणाली, "जीभ पण बघून घ्या पेशंटची."

निदान असं झालं: पहिले चार पडदे सगळ्या तारांवर थोडे थोडे झरझरतात आणि सातवा तर बोंबच मारतो. पहिला आणि शेवटचा पडदा एकदम दाबला तर मध्ये तारेखालून व्हिजिटिंग कार्ड सरकायला हवं. इथे तार पडद्यांवर चिकटून झोपली होती. मान मागे वाकलेली. का वाकली? वर बघितलं तर गिटार टांगायची खुंटी, खाली हीटर. लाकूड दोन महिने भाजत होतं. दुकानात फोन केला तर तो म्हणतो, "अंकल, बेस है, थोडा-बहुत तो करेगा." त्याला नमस्कार केला. मानेच्या पोटात एक सळी असते. गिटारीच्या पोटावरच्या भोकातून हात घालून एलन कीने ती पाव फेरा सैल केली, गिटार हीटरपासून लांब ठेवली आणि रात्रभर हात लावला नाही. सोमवारी पहिले चार पडदे गप्प!

सातवा मात्र बोंबलतच होता. मग मी मेट्रो कार्डाची लांब कड सातव्या, आठव्या आणि नवव्या पडद्यावर टेकवली. कार्ड टिक-टिक डुललं. मधला आठवा उंच! म्हणजे बोट सातव्यावर, तक्रार सातव्याची आणि गुन्हेगार वरच्या मजल्यावर. लिफ्टमध्ये मी हे तीस वर्षं बघतोय. तरी घरात सहा आठवडे ऐकू आलं नाही.

उंच आहे तर घासून टाकू, म्हणून कानस उचलली. आणि हात थांबला. (का थांबला, ते खाली.) आधी पेन्सिलने आठव्यावर ठोकून ऐकलं. एका टोकाला आवाज पोकळ. पडदा उंच नव्हताच, सुकलेल्या लाकडातून उचकटला होता. घासला असता तर कायमचा वाया. तारा सैल केल्या, मान तांदळाच्या पिशवीवर टेकवली (अलकनंदाने आंबेमोहोर द्यायला साफ नकार दिला, बासमती घ्या म्हणाली), फटीत गोंदाचा थेंब सोडला आणि लाकडी ठोकळा ठेवून हातोडी अश्लेषाच्या हातात दिली. तीन ठोके. मी फक्त ऐकत होतो. तिसऱ्याला आवाज भरीव आला. म्हटलं, "बस."

सुकल्यावर तिने तारा चढवल्या आणि सातवा दाबला. घागर हौदात बुडाली. तिने तोच सूर वीसेक वेळा वाजवला, मग फोन उचलून जाहिरात काढून टाकली. अलकनंदा आपणहून हीटर बेडरूममध्ये घेऊन गेली. आमच्या संसारात एवढा मोठा त्याग दोन्हीकडून आजवर झाला नव्हता.

गुरुवारी काय होईल, देव जाणे. चूक झाली तर ती तिची स्वतःची असेल, आणि स्वतःची चूक दुरुस्त करता येते. भाभींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
हणमंत

ता.क. सूत मी काढून टाकलं होतं. काल तिने ते शोधून पुन्हा सगळ्यात बारीक तारेखाली सरकवलं. म्हणते, "बाबा, एका तारेवर खरी जवारी बिल्कुल चालेल, पण ती आणतात कशी?" मे महिन्यात सुट्टी काढून तुझ्या कारखान्यात येऊन बसेन म्हणते. बसवशील का?

ता.क. दुसरा. कानस हातात घेऊन थांबलो तेव्हा तिने कारण विचारलं, ते सांगावं लागलं. ऐकून म्हणाली, "आधी हे दस्तगीरकाकांना लिहा, मग माझ्यासाठी विचारा." म्हणून हे पत्र. तर ऐक. तो तयार झालेला तंबोरा, ज्याची घोडी कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत घासून आवाज मारला आणि ज्यासाठी अब्बांनी तुझा कान पिळला, ती कानस माझ्या हातात होती. मला वाटलं होतं, अजून थोडा गोड करू.

ता.क. तिसरा. तिला सोडायला मी स्वतः येतोय. तिला कानस द्यायची की नाही, ते तू ठरव. माझे दोन्ही कान घेऊन येतो, हवा तो धर.