डावा सहा, उजवा आठ

प्रिय बारक्या,

तू पाठवलेले कागद मिळाले. सही कुठं करायची तिथं पिवळ्या चिठ्ठ्याही चिकटवल्यास; म्हणजे मोठ्या बहिणीला अक्षरओळख आहे पण अक्कल नाही, हे तू धरूनच चालला आहेस. बाबांचं चपला-बुटांचं दुकान, जे आपल्या दोघांच्या नावावर आहे, ते पार्सलवाल्या कंपनीला भाड्यानं द्यायचं आणि मी घरी बसून पाय चेपून घ्यायचे, असा एकूण बेत दिसतो. चेपायला कोण येणार, ते मात्र कागदांत कुठं सापडलं नाही. माझं उत्तर शेवटी आहे. गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड या वेळी आवर.

लोक आता दुकानात येत नाहीत, असं तुझं म्हणणं. येतात रे, रोज येतात. मागे एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या. सात जोड काढायला लावले, आरशासमोर मागे-पुढे चालल्या, आणि मी खोकी उचलायला वाकले तेवढ्यात खोक्यावरच्या नंबराचा फोटो काढला. मी म्हटलं, वहिनी, उजेड कमी पडत असेल तर दुसरा दिवा लावू का? नवरा लाजला, त्या नाही लाजल्या. आठ दिवसांनी पुन्हा दारात. बूट घरपोच आला होता, टाच सोलत होता, आणि टाचेला लावायची मऊ पट्टी माझ्याकडे मिळेल का, म्हणून विचारत होत्या. मिळाली. चिकटवूनही दिली. तोंडाला कुलूप घालायची रीत आपल्या घराण्यात नाही, म्हणून दोन शब्द सुनावलेही.

पण मी तरी कुठली सोवळी? कुकरची रबरी रिंग मीही फोनवरूनच मागवली. तान्हं मूल झोपेल एवढ्या खोक्यात ती आली, आणि तीही भलत्याच मापाची. परत करायला गेले तर कारण निवडा म्हणे. पाच कारणं दिली होती, त्यात 'माझाच आळस' हे नव्हतं. शेवटी कोपऱ्यावरच्या भांडीवाल्याकडे गेले. त्यानं कुकरचं नाव विचारलं, हात वर करून न बघता रिंग काढली आणि म्हणाला, "काय ताई, वाट चुकलात?" मान वर करवेना. त्या बाईंवरचा राग तिथंच निम्मा उतरला.

बाबा जोड फोडायचे, आठवतं? एखाद्याचा एक पाय लहान, एक मोठा असला की दोन खोक्यांतून एकेक बूट काढून एका जोडाच्या किमतीत द्यायचे. उरलेले दोघे माळ्यावरच्या पेटीत. आई करवादायची, "हे बिनलग्नाचे किती दिवस पोसायचे?" बाबांचं उत्तर ठरलेलं: "जगात उलटा पायही असतोच. येईल." आपण दोघं तोंडात बोळा कोंबून हसायचो. बाबा गेल्यावर मीही जोड फोडत राहिले, कारण मला दुसरं काही येत नाही.

तर तो उलटा पाय आला. गेल्या महिन्यात तू कागदांचं बोलून गेलास, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. गणिताचे मास्तर, डावा आठ, उजवा सहा. जन्मभर दोन-दोन जोड घेऊन एकेक बूट टाकत आले. फोनवर तर माप एकच निवडता येतं. मी माळ्यावर चढले, पेटीतला तपकिरी जोड खाली आणला. मास्तर दुकानभर चालले, आरशात पाहिलंसुद्धा नाही. नंतर म्हणाले, "अहो, हे माझ्यासाठीच ठेवले होते की काय?" त्यांच्यासारख्या पायांच्या लोकांचा फोनवर गट आहे म्हणे. तिथं त्यांनी फोटो टाकला. तेव्हापासून गावोगावची माणसं मला कागदावर पाय काढून पाठवतात आणि मी जोड फोडून पार्सल करते. हो, तुझ्या त्याच कंपनीच्या हातून. तिनं बूट खुशाल पोचवावेत. आत बिऱ्हाड करायची गरज नाही.

आता पत्राचं खरं कारण. त्या दिवशी तू आत बसून भाड्याचे फायदे सांगत होतास, तेव्हा मी दारातले तुझे बूट सरळ करायला उचलले. दोन्ही आठ. डाव्यात मोज्याचा बोळा. चौथ्या वर्षी त्या तापातून तू उठलास आणि डावा पाय मागे राहिला, तेव्हा बाबांनी आयुष्यातला पहिला जोड फोडला तो तुझ्यासाठी, शाळेत कुणाला कळू नये म्हणून. त्यानंतर बोळा घालून चालायची वेळ त्यांनी तुझ्यावर एकदाही येऊ दिली नाही, मीही नाही. जे दुकान बंद करायला निघालो तिथून बूट कुठल्या तोंडानं मागायचे, असं तुला वाटलं असणार. गाढवा! मास्तरांनी नेले ते तुझेच उरलेले होते, दोन वर्षांपूर्वीचे. कागद सहीविना परत पाठवतेय. पिवळ्या चिठ्ठ्या तेवढ्या ठेवून घेतल्या, खोक्यांवर मापं लिहायला बऱ्या पडतात. सोबत काळा जोड आहे, डावा सहा, उजवा आठ. पण हे जुन्या मापावरून. वयाबरोबर पाय पसरतात, म्हणून एक कोरा कागदही घातलाय. संध्याकाळी, दिवसभर चालून झाल्यावर, त्यावर उभा राहा आणि पेन्सिल फिरव. मला तुझ्याकडून एवढाच कागद हवा आहे. त्यावर सही नको, पाय काढ. दोन्ही.

तुझीच, आणि उद्या नऊ वाजता दुकान उघडणारी,
ताई