तिसऱ्या मजल्यावरची उल्याना

प्रिय विता,

तुझा निरोप मिळाला. एचआयव्हीच्या गोळ्या तू कॅल्शियमच्या डबीत लपवल्यास आणि सासूनं गुडघ्यांसाठी म्हणून निम्म्या संपवल्या. आधी हसले, मग धास्ती वाटली. म्हातारी ठणठणीत आहे म्हणतेस, पण डबी रिकामी होत आली आणि तुझ्या पोटातलं बाळ त्या गोळ्यांच्याच भरवशावर आहे.

तरी तू इथे क्रिवी रीह शहरातल्या दवाखान्यात येणार नाहीस, हे मी जाणते. वाटेत तपासनाके. दंडावरच्या नशेच्या सुयांच्या खुणा पाहून शिपाई दात काढणार. पोचलीसच तर खिडकीमागची बाई सगळ्यांदेखत विचारणार, "अजून टोचतेस का गं?" आणि उत्तर लिहून ठेवणार. असल्याच एका नोंदीवरून बालकल्याणवाल्यांनी तुझी थोरली उचलून नेली. मग तू गावात दडून बसलीस, तर तुला बेजबाबदार म्हणायचा हक्क कुणाला आहे?

गावोगाव फिरणाऱ्या औषधांच्या गाडीवरची नर्स, स्निझाना, तिलाही तू फाटकावरूनच हाकललंस. मीही हाकललं असतं. मला ती पहिल्यापासून खटकत होती. फार गोड बोलते. लढाईच्या दिवसांत कोण गोड बोलतं? लोकांना पेट्रोल मिळत नाही, हिची टाकी भरलेली. आणि दर बाईला विचारणार, मुलं किती, कुठे असतात. मी तोंडावर म्हटलं, "पोरं मोजायचा पगार कोण देतं तुला?" तर म्हणाली, "दुधाची भुकटी किती भरायची ते कळायला नको का, ताई?" उत्तर चोख होतं. चोख उत्तरांवर माझा विश्वास नाही.

म्हणून मी उल्याना नावाची बाई मनानंच रचली. नशा करणारी, एचआयव्ही असलेली, दोन लेकरांची आई. माझ्या स्वयंपाकघरासमोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मावशीचं बंद घर आहे, तिथे तिला बसवलं आणि स्निझानाच्या कानावर घातलं. बालकल्याणवाले त्या जिन्यात दिसले की त्यांना खबर देणारी हीच, असा माझा हिशेब. खिडकीत बसून पाळत ठेवली. ते आले नाहीत. स्निझाना मात्र दर मंगळवारी पिशवी घेऊन जिना चढायची, दार वाजवायची, उतरायची. खालचा पिलीप म्हणायचा, "वर कबुतरं राहतात, त्यांना देतेस का औषध?" ती नुसती हसायची. मला वाटलं, ही माझ्याहून मुरलेली आहे.

मग एका मंगळवारी ती जिन्यात असताना हल्ल्याचा भोंगा झाला. आम्ही सगळे त्याच इमारतीच्या तळघरात शिरलो. पिलीपनं तिला धरलंच. "आघाडीवरच्या पोरांना पट्ट्या मिळत नाहीत आणि तू कुणाला घरपोच वाटतेस? वर कोण आहे? काय झालंय तिला? नशेबाज आहे ना?" सगळे तिच्याकडे बघत होते. एकानं पिशवीला हातही घातला. ती पिशवीवर बसली आणि म्हणाली, "म्हातारी आहे. रक्तदाब. तुमच्या ओरडण्यानं माझाही वाढेल." भोंगा थांबेपर्यंत ती पिशवीवरून उठली नाही. विता, जगात नसलेल्या बाईचं गुपित तिनं भरल्या तळघरात सांभाळलं.

संशय घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. पहिला बॉम्ब पडायच्या आधीपासून आपल्यासारख्या बायकांशी युद्ध चाललंय, आणि ते आपल्याच लोकांनी पुकारलंय. आपल्या बायकांच्या पुढच्या सभेत मी हे ओरडून सांगणार आहे. पण माझ्या भाषणानं तुझी डबी भरणार नाही.

हे पत्र टपालानं आलेलं नाही, तुझ्या लक्षात आलं असेल. आपल्यातली बाई दुसरीचं नाव, घर, आजार मेली तरी बाहेर सांगत नाही. मी तुझं सगळं सांगितलं, तुला न विचारता. हवं तर माझं तोंड पाहू नकोस. फाटकाच्या फटीतून हे ज्या हातानं आत सरकवलं तो स्निझानाचा. ती बाहेर उभी आहे. सासूला काय सांगायचं ते तू ठरव, ती तेच सांगेल. जा, फाटक उघड.

तुझीच, तू ठेवशील तर,
रुस्लाना