मी गेल्यावरचा केर

आई, साताऱ्याला सध्या ज्या खोलीत राहतोय, तिथल्या मालकांची पोरगी काल इंग्रजीचं पुस्तक घेऊन आली. "दादा, 'स्वीप' शब्दाचे अर्थ सांगा की." मी दहावी अर्धवट सोडलेला, पण हा शब्द मला पाठ. झाडणं. निवडणुकीत सगळ्या जागा एकाच पक्षानं मारणं. पुरानं वाहून नेणं. गुडघा टेकून मारलेला फटका. चूक गालिच्याखाली सारून झाकणं. भरभर सांगितलं. हेच सगळं मी एकदा तुला वाचून दाखवलं होतं, आष्ट्याच्या घरात. तू वाकून केर काढतेयस, मी खाटेवर बसून गृहपाठ करतोय. "क्रिकेटमध्ये स्वीप मारतात," मी म्हणतो. "मारत्यात? आमी तर काढतो," तू म्हणतेस. "आन् समद्या जागा एकालाच, तर कचरा गेला कुणाकडं?" मग केरसुणीच्या मुठीनं माझा पाय ढकलतेस. "आपल्यात गालिचा न्हाई, म्हणून चुका अशा उघड्या दिसत्यात. उचल पाय."

माणूस परगावी निघाला की त्याच्या पाठोपाठ घर झाडायचं नाही. तसं मयत नेल्यावर झाडतात, म्हणून ते अशुभ. हे सगळेच पाळतात, पण घटकाभर. तू मात्र माझा पोचल्याचा फोन येईपर्यंत केरसुणीला हात लावायची नाहीस. आणि मी कधी विश्रामबागेत हॉटेलात कामाला, कधी कुणाच्या टेम्पोत बसून भलतीकडंच, कधी फलटणला साखर कारखान्याच्या हंगामाला. तिथं मळीचा असा वास की पहिले दोन दिवस जेवण जात नाही, तिसऱ्या दिवशी वास येतच नाही. ते जाऊ दे. पोचल्याचा फोन करायचं दोन-दोन दिवस राहून जायचं. शेजारची काकू तुला टोमणे मारायची, "पोरगं कामाला गेलंय, का घराचा उकिरडा करून गेलंय गं?" तू एवढंच म्हणायचीस, "पोचू दे की."

शेवटच्या खेपेला फलटणला निघताना तू म्हणालीस, "एका जागी टिक की रं चार दिवस." मी म्हणालो, "तुझ्या केरसुणीगत कोपऱ्यात उभा राहू का?" आणि निघालो. तिसऱ्या दिवशी काकूचा फोन आला, "ये बाबा, आई गेली." आलो तर उंबऱ्यापासून पायाखाली माती, कडुलिंबाचा पाला. काकू म्हणाली, "काल मी झाडाय लागले हुते. तिनं हातातनं केरसुणी काढून घेतली. म्हणाली, अजून पोचला न्हाई त्यो." मग तुला नेलं. आम्ही परत आलो तेव्हा घर लख्ख होतं. ते बघून मी पहिल्यांदा रडलो.

सात वर्षं झाली. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहायला जमतंय. काकूला, पाव्हण्यांना, सगळ्यांना मी सांगितलं की फलटणला पहिले दोन दिवस रेंज नव्हती. होती, आई. तूच आधी फोन करशील म्हणून मी मोबाइल हातात धरून बसलो होतो.