नंबर आईच्या नावावर होता

बाबा, येत्या गुरुवारी एका गाडीची किंमत आणि रेंज जाहीर होणार आहे, आणि त्या गाडीमुळे मी तुमच्यावर इतकी चिडले आहे की आज लिहायलाच बसले. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. गेलेल्या माणसाशी कशाला भांडायचं, असं आई म्हणते, म्हणून मी इतकी वर्षं गप्प राहिले. आज मात्र मला भांडायचंच आहे.

गाडी विजेवर चालणारी आहे. क्रॉसओव्हर म्हणतात तसली, साध्या गाडीपेक्षा जरा उंच. ती अजून रस्त्यावर आलेली नाही. कंपनीने फोटो दाखवले आणि सांगितलं, ज्यांना हवी त्यांनी नंबर लावून ठेवा. किंमत नंतर सांगू, एका चार्जमध्ये किती मैल जाईल तेही नंतर सांगू. आम्ही सिएटलबाहेर बॉथेलला राहतो, आणि तुमची नात डोंगरापलीकडे पुलमनला शिकते, जवळजवळ तीनशे मैलांवर. मधला घाट हिवाळ्यात बर्फाने भरतो. आमची जुनी गाडी मागच्या डिसेंबरात त्याच घाटात बंद पडली आणि पोरगी आणि मी दोन तास काचा पुसत टो ट्रकची वाट पाहत बसलो. म्हणून मला ही गाडी हवी आहे. तुमचा जावई रोज तिचे व्हिडिओ बघतो आणि जेवताना अंदाज बांधतो. "थंडीत रेंज बरीच उतरते. तीनशेच्या वर दिली तरच अर्थ आहे," म्हणतो. किंमत चाळीस हजार डॉलरच्या आत राहील की पन्नासला टेकेल, यावर त्याचे मित्र फोनवर वाद घालतात. लेक म्हणते, "मॉम, रिलॅक्स, वाटेत चार्जर्स आहेत." मी फक्त नकाशा उघडून बसते.

बुकिंग सुरू झालं त्या सकाळी मी ओट्याजवळ लॅपटॉप घेऊन उभी होते. आई चहा गाळत होती. तिने विचारलं, "कुणाच्या नावावर करतेस?" मी म्हटलं, "माझ्या." ती "हं" म्हणाली आणि कप पुढे सरकवला. बाबा, त्या "हं" मध्ये काय होतं ते तुम्हाला कळलं असतं का, मला शंका आहे.

अमरावतीत आईने स्कूटरसाठी नंबर लावला तेव्हा मी चार वर्षांची होते. तुम्ही जिल्हा परिषदेत, ती गावाबाहेरच्या शाळेत शिकवायला. स्टँडपर्यंत चालत, मग बस, मग पुन्हा चालत. स्कूटर तिची होती, नंबर तिच्या नावावर होता, आणि त्या काळात नंबर यायला वर्षं लागायची. तिने शेजारच्या काकूंच्या गाडीवर मैदानात चकरा मारून शिकून घेतलं होतं. एकदा पडली, कोपर सोललं, तरी हसतच घरी आली. मला म्हणायची, नंबर आला की तुला मागे बसवून शाळेत नेईन. सात वर्षं ती हे म्हणत होती.

नंबर आला, आणि तुम्ही तो तुमच्या ऑफिसातल्या साहेबांच्या जावयाला देऊन टाकलात. कसा दिलात, ते मला आजही जसंच्या तसं दिसतं. संध्याकाळची वेळ आहे, आई पोळ्या लाटते आहे, हाताला कणीक. तुम्ही एक कागद पोळपाटाशेजारी ठेवता आणि म्हणता, "इथे सही कर, गाडीचं आहे." ती पदराला हात पुसते आणि सही करते. न वाचता. तिला वाटतं, गाडी मिळण्यासाठीच काहीतरी असेल. तिने शाळेत सांगूनही टाकलं होतं, आता बसची कटकट संपली. आठ दिवसांनी साहेबांच्या बंगल्यासमोर नवीकोरी स्कूटर उभी दिसली तेव्हा तिला कळलं. ती ओरडली नाही. "मला वाचून तरी दाखवायचं," एवढंच म्हणाली. आणि तुम्ही काय म्हणालात? "साहेबांना नाही म्हणता येतं का? एका गाडीसाठी घर डोक्यावर घेऊ नकोस." घर डोक्यावर कुणी घेतलं होतं, बाबा? ती तर पोळी भाजत होती.

त्यानंतर तिने पुन्हा नंबर लावला नाही. निवृत्त होईपर्यंत बसने गेली. आता ती ऐंशीची आहे, दोन्ही गुडघे बदललेले, इथे आमच्या ड्राइव्हवेवरून काठी टेकत पत्रपेटीपर्यंत जाते आणि तेवढ्यात तीनदा थांबते. मी खिडकीतून बघते आणि मला तुमचा राग येतो. तुम्ही वाईट नव्हता, हे मला माहीत आहे. तुम्ही घाबरट होता. आणि तुमच्या भीतीची किंमत दरवेळी तिने मोजली.

मागच्या महिन्यात एका रविवारी तुमच्या जावयाचा मॅनेजर जेवायला आला. पुण्याचा आहे, गोड बोलतो. आमच्या ग्रीन कार्डाचे कागद अजून तुमच्या जावयाच्या कंपनीच्या हातात आहेत, हे तुम्हाला सांगायला हवं, म्हणजे टेबलावर कोण बसलं होतं ते कळेल. आईच्या हातची आमटी वाखाणून झाल्यावर तो म्हणाला, "तुमचा नंबर बराच पुढे आहे ना? माझ्या मिसेसच्या गाडीची लीज संपतेय. ट्रान्सफर होतो म्हणे. तुम्हाला तशी घाई नाही." आणि तुमचा जावई माझ्याकडे न बघता म्हणाला, "हो हो, करू ना. आम्ही थांबू यार, त्यात काय."

माझ्या हातात भाताचा डाव होता. मी म्हटलं, "नाही. नंबर माझ्या नावावर आहे आणि मला तो हवाय." मॅनेजर हसला, "अरे वहिनी, नो प्रॉब्लेम, सहज विचारलं." आईने माझ्या हातातला डाव घेतला आणि त्याला आणखी भात वाढला.

तो गेल्यावर नवरा गॅरेजात माझ्यावर चिडला. "तुला कळतं का तो कोण आहे? एका गाडीसाठी?" अगदी तुमचेच शब्द, बाबा. त्याने तुम्हाला कधी पाहिलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "माझ्या तोंडावर तू माझी वस्तू देऊन टाकलीस. मला विचारलं नाहीस." तीन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. चौथ्या दिवशी भांडी लावता लावता तो म्हणाला, "आधी तुला विचारायला हवं होतं. मी घाबरलो." हे वाक्य म्हणायला त्याला तीन दिवस लागले. तुम्हाला त्या कागदानंतर पंधरा वर्षं मिळाली होती.

त्याच्या नोकरीला काही झालं नाही. मॅनेजरने सोमवारी नेहमीसारखं गुड मॉर्निंग केलं. कदाचित तुमच्या साहेबाने तुमची बदली केली असती, गडचिरोलीला पाठवलं असतं. तेव्हाचं मला काय माहीत. पण तुम्ही एकदा आईसमोर बसून "मला भीती वाटते" म्हणाला असतात, तर तिने स्वतःच नंबर दिला असता. ती तशीच आहे. तुम्ही तिला देऊही दिलं नाहीत.

गुरुवारी कळेल. रेंज कमी निघाली किंवा किंमत झेपली नाही, तर नंबर रद्द होईल. पण तो मी रद्द करीन.

हे पत्र कुठे पाठवणार? आईला वाचून दाखवावं असं सकाळी वाटलं होतं, आणि आत्ता ती पलीकडच्या खोलीत जागीच आहे. पण दाखवणार नाही. त्या संध्याकाळी मी ओट्याखाली पाढे लिहीत बसले होते, तुम्हाला आठवत असेल. आईने सही करण्याआधी तो कागद मी वाचला होता. साहेबांच्या जावयाचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं आणि अकरा वर्षांच्या मुलीला ते नीट समजलं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी माझं पेन आईच्या हातात दिलं.