कलम सातमधलं संशोधन

मंगळ., १० डिसें.
हिंदी विभागाचे तिवारीजी मुलीच्या लग्नासाठी गावी. कराराचा हिंदी मसुदा माझ्या गळ्यात. आमचे खन्नासाहेब म्हणाले, मॅडम, बीस साल से दिल्ली में हैं, आपसे अच्छा कौन करेगा. चढले हरभऱ्याच्या झाडावर. आपला उपग्रह आणि पाहुण्या देशाचा, दोघे आभाळात शेजारी, लहरींचा पट्टा एकच. एकाची खरखर दुसऱ्याला नको म्हणून हा करार. इंग्रजी, हिंदी, त्यांची भाषा. तिन्ही प्रती सारख्याच ग्राह्य. आज फाइल वर गेली. खुशीत येताना तिळगुळाची गजक आणली.

शनि., १४ डिसें.
केतकीचा सोमवारी नागरिकशास्त्राचा पेपर. मी पोळ्या करत होते, ती ओट्याशी उभी राहून घोकत होती: संविधान में संशोधन संसद करती है. मी म्हटलं, संसद कसलं गं संशोधन करते? ते प्रयोगशाळेत करतात.
ती हसायलाच लागली. "आई, संशोधन म्हणजे चेंज करना. अमेंडमेंट. तू रिसर्च समझी क्या?"
पोळी करपली. कलम सात. मूळ इंग्रजीत आहे की या पट्ट्यावर कोणताही पक्ष दुसऱ्याला न विचारता रिसर्च करू शकेल. मी लिहिलंय, 'कोई भी पक्ष दूसरे से पूछे बिना इस बैंड में संशोधन कर सकेगा.' म्हणजे मनात येईल तेव्हा पट्टाच बदला, शेजाऱ्याचं काही का होईना. वीस वर्षं दिल्लीत, आणि ऐन वेळी शब्द मात्र माहेरचा.

रवि., १५ डिसें.
नवऱ्याबरोबर द्वारकेला आमच्या नव्या घराच्या सोसायटीची साइट बघून आले. अजून नुसते खांब. आणि लक्ष्मीबाई नगरचं हे सरकारी क्वार्टर माझ्या नोकरीवर. नोकरी गेली तर? अनिल म्हणतो, उद्या सांगून टाक, खाणार नाहीत तुला. त्याला काय जातंय. समोरच्या गच्चीवर केबलवाल्यानं उपग्रहाची नवी छत्री बसवली, सगळा ब्लॉक वर बघत होता. मी पडदा ओढून घेतला. फोन वाजला की मीच आधी धावते. दोनदा राँग नंबर.

सोम., १६ डिसें.
सांगितलं. खन्नासाहेब ओरडतील म्हणून रुमाल हातात धरूनच गेले होते. ओरडले नाहीत. दार लावून घेतलं, कलम माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग हसले. ते हसणं जास्त वाईट.
पाहुण्यांबरोबर त्यांचा एक हिंदी पंडित आलाय. शुक्रवारपासून हीच प्रत वाचतोय.
"एक शब्द नहीं बोला," खन्नासाहेब म्हणाले. "मतलब मान लिया. आप भी मत बोलिए."
मी म्हटलं, सर, पण मग पट्टा बदलायचा हक्क त्यांनाही मिळतो.
"पहले हम बदलेंगे."
मी उठले. दाराशी पोचले तेव्हा म्हणाले, "और कुछ गड़बड़ हुई, तो ड्राफ्ट तो आपका है ही."
कालपर्यंत भीती होती की चूक पकडली जाईल. आता पकडली जाणार नाही याची भीती. दोन देशांचं ठीक आहे, ते भांडतील नाहीतर मिटवतील. मी कोणाच्या तोंडाकडे बघू? अनिलला एवढंच म्हटलं की बोलले. पुढचं सांगवेना. 

मंगळ., १७ डिसें.
शेवटची बैठक. कलम सात आलं. इंग्रजी वाचलं, माना हलल्या, पुढे. पंडितानं हिंदी प्रतीत बोट घालून ठेवलं होतं, मी बघत होते. बोललं कोणीच नाही. मीही नाही.
चहाला तो माझ्याकडेच आला. उंच, चष्मा, आधी शुद्ध हिंदीत आभार. म्हणाला, हिंदी पाठ आपने तैयार किया है? मी हो म्हटलं. त्यानं कोटावरची माझी नावाची पट्टी वाचली, कर्णिक. कप खाली ठेवला.
"आपण मराठी का? मी तरुणपणी पुण्यात शिकलो."
नाही म्हणावंसं वाटलं. मान आपोआप हलली.
"तरीच," तो म्हणाला, आणि साखर घ्यायला गेला.
खन्नासाहेब लगेच जवळ. क्या कह रहे थे? मी म्हटलं, कुछ नहीं सर, पुणे की बातें.
म्हणजे त्याला कळलंय. मग गप्प का? मला सांभाळून घेतोय? की त्यालाही त्याच्या साहेबांनी दार लावून सांगितलंय, आप भी मत बोलिए? पहिलं आम्ही बदलू, असं तिकडेही कोणी हसत म्हणालं असेल तर...
उद्या सह्या. हिंदी प्रतीची पानं उलटायला मीच उभी राहायचंय, खन्नासाहेबांनी खास सांगितलं. निळी साडी काढून ठेवली. 
भाजी निवडताना पुटपुटत असेन. केतकीनं पुस्तकातून डोकं वर काढलं. "आई, 'तरीच' मतलब?"
मला हिंदी शब्द सापडेना.